गुंतवळ वाढला की आधी दिनदर्शिका पाहा: केस आणि नखांसाठी आहार व घरगुती उपाय

२०२२ सालच्या गणपतीत मला डेंगी झाला. ताप आठवड्याभरात उतरला, प्लेटलेटची संख्या पूर्ववत झाली आणि दिवाळीच्या गडबडीत तो आजार माझ्या विस्मरणातही गेला. डिसेंबरच्या आरंभी मात्र न्हाणीघराची जाळी केसांनी तुंबू लागली, विंचरल्यावर निघणारा गुंतवळ लिंबाएवढा होऊ लागला आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर एकेक आडवी खाच दिसू लागली. पुढचे चार महिने ज्याने जे सांगितले ते मी केले. कांद्याचा रस लावला, बायोटिनच्या गोळ्या घेतल्या, एका पार्लरमध्ये जाऊन केसांवर महागडी प्रक्रिया करून घेतली आणि सोसायटीच्या पाण्यालाही दोष देऊन पाहिला. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी डोक्याकडे पाहण्याआधी विचारले, "गळती सुरू होण्याच्या तीन महिने आधी काय झाले होते?" तो प्रश्न मी स्वतःलाच आधी विचारला असता तर बराच खर्च आणि मनस्ताप टळला असता.

मी डॉक्टर नाही. ज्यांची गळती नुकतीच सुरू झाली आहे, किंवा ज्यांची नखे वारंवार तुटत आहेत, त्यांनी कोणत्या क्रमाने काय करावे, एवढेच अनुभवावरून आणि नंतर केलेल्या वाचनावरून येथे मांडत आहे.

१. तीन महिने मागे जाऊन पाहा

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांपैकी प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने वाढतो. वाढीचा काळ काही वर्षांचा असतो, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणाचा काळ येतो आणि मग केस सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळतो. एरवी दहातील एखादाच केस विश्रांतीच्या अवस्थेत असल्यामुळे गळती आपल्या लक्षात येत नाही. शरीराला मोठा धक्का बसला म्हणजे पुष्कळसे केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि ते सगळे अडीच-तीन महिन्यांनी एकदमच फणीत येतात. तोवर मूळ कारण आपण विसरलेले असतो आणि मग कालपरवा बदललेल्या शाम्पूवर खापर फुटते.

म्हणून दिनदर्शिका घेऊन दोन ते चार महिन्यांपूर्वीच्या पानांवर पुढीलपैकी काही सापडते का ते पाहावे: डेंगी, चिकनगुनिया, टायफॉइड किंवा कोविडसारखा मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झटपट वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार, घरातील मृत्यूसारखा मानसिक आघात, किंवा नव्याने सुरू झालेले एखादे औषध. माझी आजी म्हणत असे की, बाळ हसायला लागले की आईचे केस गळायला लागतात. त्यात बाळाच्या हसण्याचा काही संबंध नाही, पण तिसऱ्या-चौथ्या महिन्याचा तिचा हिशेब अचूक होता.

नखे हा हिशेब अधिक स्पष्ट दाखवतात. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. मोठ्या आजारात नखाची वाढ काही काळ मंदावते आणि त्या जागी आडवी खाच उरते. सर्व नखांवर मुळापासून जवळपास सारख्याच अंतरावर अशा खाचा असतील, तर पट्टीने अंतर मोजून त्याला ३ ने भागावे. साधारण किती महिन्यांपूर्वी शरीर अडचणीत होते, ते कळते. माझी खाच डिसेंबरअखेरीस ९ मिलिमीटरवर होती, म्हणजे अंगुलिनिर्देश सरळ सप्टेंबरकडे होता.

२. केस मुळापासून गळतो आहे की मध्येच तुटतो आहे, ते ठरवा

हा टप्पा बहुतेक लोक वगळतात, आणि पुढचे सगळे उपाय तर याच्यावरच अवलंबून असतात. गुंतवळातील दहा-बारा केस पांढऱ्या किंवा गडद कागदावर वेगवेगळे ठेवून त्यांची टोके पाहावीत. केस पूर्ण लांबीचा असून एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल, तर तो मुळापासून गळलेला आहे. त्याचे कारण शरीराच्या आत शोधावे लागते आणि त्यावर कोणतेही तेल पुरे पडत नाही. केसाचे तुकडे आखूड असतील, टोके दुभंगलेली असतील आणि ठिपका नसेल, तर केस तुटत आहेत. ओले केस बारीक फणीने ओढणे, केस सरळ करण्याचे तापलेले यंत्र, ब्लीच किंवा घट्ट बांधणे ही त्याची नेहमीची कारणे असून तेथे तेल आणि हाताळणीतील बदल खरोखरच उपयोगी पडतात.

रोज ५० ते १०० केस जाणे स्वाभाविक आहे. तीन दिवसांनी डोक्यावरून नहाणाऱ्या व्यक्तीला त्या दिवशी तीन दिवसांचे केस एकत्र दिसतात, त्यामुळे नहाण्याच्या दिवशीचा गुंतवळ पाहून घाबरू नये. केस रोज मोजत बसू नये. मी ते दोन आठवडे केले आणि त्यातून झोप उडण्यापलीकडे काही निष्पन्न झाले नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, भांगाचे आणि कपाळाच्या कडेचे छायाचित्र काढून ठेवणे पुरेसे आहे.

३. पुढील लक्षणे असल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नका

डोक्यावर, दाढीत किंवा भुवईत नाण्यासारखा गुळगुळीत चट्टा पडणे, म्हणजे चाई. भांग हळूहळू रुंद होत जाणे किंवा पुरुषांमध्ये कपाळाचे कोपरे मागे सरणे. ही आनुवंशिक गळती असते आणि तिच्यावरील औषधे जितकी लवकर सुरू होतील तितके केस वाचतात. केस गळण्यासोबत पाळी अनियमित असणे, चेहऱ्यावर लव वाढणे, मुरुमे येणे. टाळूवर वेदना, पू किंवा चकचकीत व्रण असणे. लहान मुलाच्या डोक्यावर खवले आणि तुटके केस दिसणे. गळती सहा महिन्यांनंतरही न थांबणे.

नखांच्या बाबतीत एकाच नखावर नव्याने उमटलेली आणि रुंद होत जाणारी काळी-तपकिरी उभी रेषा कधीही दुर्लक्षित करू नये. क्वचित ती त्वचेच्या कर्करोगाची खूण असू शकते. नखुरडे होऊन पू धरला असेल, नख चमच्यासारखे खोलगट झाले असेल किंवा पायाचे नख पिवळे, जाड आणि ठिसूळ होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या नखांवर घरी कोणतेही प्रयोग करू नयेत.

४. तपासण्या आणि सोबत न्यायची कागदपत्रे

डॉक्टरांकडे जाताना पुढील गोष्टी एका पिशवीत ठेवल्यास पहिल्याच भेटीत काम होते:

- गेल्या सहा महिन्यांतील आजारांचे कागद आणि रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला गोषवारा
- सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी. तिच्यात गर्भनिरोधक गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णे आणि दुकानातून स्वतःहून आणलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचाही समावेश करावा
- रक्ताचे जुने अहवाल
- भांगाची आणि नखांची दर महिन्याची छायाचित्रे
- स्त्रियांनी पाळीच्या तारखा आणि रक्तस्राव किती होतो याची नोंद
- आई-वडिलांच्या घराण्यात टक्कल किंवा थायरॉइडचा विकार आहे का, याची माहिती

डॉक्टर साधारणपणे हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, जीवनसत्त्व बी१२ आणि ड या तपासण्या सांगतात. यातील फेरिटिन नीट समजून घेणे आवश्यक आहे. हिमोग्लोबिन म्हणजे हातातील रोकड आणि फेरिटिन म्हणजे बँकेतील शिल्लक, असे मानले तरी चालेल. माझे हिमोग्लोबिन १२.१ होते. स्त्रियांसाठी १२ ही खालची मर्यादा मानतात, त्यामुळे मी निश्चिंत होते, पण फेरिटिन ९ निघाले. ते ३० च्या खाली असल्यास पुष्कळ डॉक्टर लोहाचा साठा कमी असल्याचे मानतात. मात्र शरीरात ताप किंवा दाह असताना फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते, म्हणून ही तपासणी आजारातून पूर्ण बरे झाल्यावर करावी.

बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीपूर्वी ते प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना अवश्य सांगावे. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे चुकू शकतात, आणि अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस त्या गोळ्या थांबवण्यास सांगितले जाते.

५. ताटाची मांडणी

केस आणि नखे दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात. शरीर अडचणीत आले की उपलब्ध प्रथिने आणि लोह हृदय, रक्त, स्नायू यांच्याकडे आधी वळते आणि केसांचा क्रमांक शेवटी लागतो. त्यामुळे ताटातील उणीव केसांत आधी दिसते आणि तिची भरपाईही तेथे सर्वांत उशिरा पोहोचते.

प्रथिनांचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हा आकडा सुमारे ४६ ग्रॅम होतो. आता आपले नेहमीचे शाकाहारी ताट घेऊ. दिवसभरातील दोन मोठ्या ज्वारीच्या भाकऱ्यांतून १०-११ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातून ६ ग्रॅम, वाटीभर मटकीच्या उसळीतून ६-७ ग्रॅम आणि पेलाभर दूध किंवा वाटीभर दह्यातून ६ ग्रॅम मिळतात. बेरीज ३० च्या आसपासच थांबते. मूठभर शेंगदाणे धरले तर ती ३७ वर जाते. एक जास्तीची उसळ, दोन अंडी, ५० ग्रॅम पनीर किंवा माशाचा एक मोठा तुकडा यांपैकी काहीतरी घातल्याशिवाय ४६ चा आकडा गाठता येत नाही. शिवाय आपल्या घरांत वरण बहुधा पातळ असते आणि गृहिणीच्या वाट्याला येताना ते आणखी पातळ होते. तिच्या पानात उसळ उरते का, हेही पाहायला हवे.

उपवासांचा येथे वेगळा विचार करावा. श्रावणात किंवा नवरात्रात साबुदाण्यावर दिवस काढणाऱ्यांच्या पोटात पिष्टाशिवाय फारसे काही जात नाही. खिचडीत जी थोडी प्रथिने असतात ती शेंगदाण्याच्या कुटाची. उपवास करू नये असे मी म्हणत नाही, मात्र त्या दिवशी राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दही, दूध आणि पनीर यांना ताटात जागा द्यावी.

लोहाच्या बाबतीत समज-गैरसमज फार आहेत. बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, ही समजूत सार्वत्रिक आहे, पण १०० ग्रॅम बीटमध्ये १ मिलिग्रॅमही लोह नसते आणि प्रौढ स्त्रीसाठी दिवसाची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. पालकात लोह असले तरी ते फार कमी शोषले जाते. गुळाचा खडा चवीपुरता ठीक आहे. त्यांच्या तुलनेत बाजरी, कडधान्ये, कारळ्याची आणि तिळाची चटणी, अळीव, आणि मांसाहारी असल्यास सुकट, तिसऱ्या (शिंपल्या) व कलेजी यांचा उपयोग अधिक होतो. गरोदर स्त्रियांनी मात्र कलेजी टाळावी, कारण तिच्यात जीवनसत्त्व अ फार मोठ्या प्रमाणात असते.

काय खातो याइतकेच कशासोबत खातो याला महत्त्व आहे. वनस्पतीजन्य लोह शोषले जाण्यासाठी क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून उसळीवर लिंबू पिळणे, जेवणात आवळ्याचे लोणचे किंवा पेरूची फोड घेणे ही केवळ चवीची बाब नाही. कडधान्यांना मोड आणल्यानेही लोह अधिक सुटते. याउलट चहा आणि कॉफीतील टॅनिन लोहाला अडवते. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय असेल तर निदान एक तासाचे अंतर ठेवावे. माझ्या बाबतीत संपूर्ण आहारातील सर्वांत अवघड बदल हाच ठरला. भाजी-आमटीसाठी लोखंडी कढई वापरावी, विशेषतः टोमॅटो किंवा आमसूल घातलेल्या पदार्थांसाठी, कारण आंबट पदार्थांत कढईतील लोह अधिक उतरते. स्वयंपाक झाल्यावर पदार्थ कढईतून काढून ठेवावा, नाहीतर तो काळा पडतो आणि चवही बिघडते.

अळीव ही आपल्याकडची जुनी आणि चांगली वस्तू आहे. बाळंतिणीला ओल्या नारळाचे, गूळ घातलेले अळिवाचे लाडू देण्याची पद्धत घरोघरी आहे. रोजच्या वापरासाठी एक चहाचा चमचा अळीव अर्ध्या वाटी पाण्यात किंवा नारळपाण्यात दोन तास भिजवावे आणि फुगल्यावर लिंबू पिळून घ्यावे. कोरडे अळीव तोंडात टाकू नये, ते घशात फुगते. गरोदरपणात ते न देण्याचा प्रघात पाळणेच योग्य.

बी१२ हे जीवनसत्त्व मांसाहार, अंडी आणि दुग्धजन्य पदार्थांतच खात्रीने मिळते. दूधही न घेणाऱ्यांनी आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी त्याची तपासणी करून घ्यावी. इडली-ढोकळ्याच्या आंबवण्यावर या बाबतीत विसंबू नये.

फेरिटिन फारच कमी असेल तर केवळ आहाराने ते भरून येण्यास खूप काळ लागतो. मला लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. त्या दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरून जाऊ नये. पोटात मळमळ होत असेल तर गोळी स्वतःच बंद न करता डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी.

६. तेल लावणे आणि नहाणे

टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला बाहेरून पोसता येत नाही. तेलाचे काम त्याचे संरक्षण करण्याचे आहे आणि ते काम खोबरेल तेल चांगले करते. त्यातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते आणि धुताना केसातील प्रथिने वाहून जाण्याचे प्रमाण कमी करते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिसले होते. त्या अभ्यासात सूर्यफुलाच्या तेलाने आणि खनिज तेलाने हा परिणाम साधला नव्हता. माका, ब्राह्मी, जास्वंद घालून उकळलेल्या तेलाचा सुगंध आणि त्यामागची माया मला प्रिय आहे, पण गळती थांबवण्याची अपेक्षा मी त्याच्याकडून आता ठेवत नाही.

लागणारे साहित्य थोडे आहे: खोबरेल तेल, जाड दातांचा कंगवा, जुना सुती पंचा, शिकेकाई किंवा सौम्य शाम्पू, आणि गाळण्यासाठी पातळ फडके.

मध्यम लांबीच्या केसांना दोन चहाचे चमचे तेल पुरते. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून ते कोमट करावे आणि नहाण्यापूर्वी तास-दोन तास, मुख्यतः केसांच्या लांबीला आणि टोकांना लावावे. टाळूला बोटांच्या पेरांनी हलके चोळावे. रगडून मालीश केल्यास सुटायला आलेले केस त्याच दिवशी हाती येतात आणि उगाच धास्ती वाटते. कोंडा असलेल्यांनी टाळूला तेल लावूच नये. कोंड्याशी संबंधित बुरशी तेलावरच जगते. त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारा किटोकोनॅझोलयुक्त शाम्पू टाळूवर तीन ते पाच मिनिटे ठेवून धुणे, आठवड्यातून दोनदा, हा अधिक उपयोगी उपाय आहे.

शिकेकाई वापरायची असल्यास चार भाग शिकेकाई, एक भाग रिठ्याची साले आणि एक भाग आवळकाठी रात्रभर भिजवावी, सकाळी उकळावी आणि फडक्यातून गाळावी. न गाळलेली भुकटी थेट लावली तर तिचे कण केसांत अडकतात आणि ते विंचरून काढताना केस तुटतात. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास बराच वेळ आग होते, म्हणून लहान मुलांसाठी ते टाळावे. शाम्पूने केस गळतात हा समज खरा नाही. शाम्पू केवळ आधीच सुटलेले केस बाहेर काढतो. गळतीच्या भीतीने पंधरा-पंधरा दिवस डोके न धुण्याची चूक मी केली आणि वर कोंडा ओढवून घेतला.

केस कोरडे असतील तर रात्रभर भिजवून वाटलेली मेथी किंवा जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत लगदा नहाण्यापूर्वी अर्धा तास लावता येतो. त्याने केस मऊ होतात आणि गुंता कमी होतो, एवढाच त्याचा लाभ आहे. कोरफड लावताना पान कापल्यावर दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवून त्यातील पिवळा चीक निथळू द्यावा. तो चीक अनेकांच्या त्वचेला झोंबतो.

ओला केस सर्वांत दुबळा असतो. नहाल्यावर पंचाने झटके देऊन केस झाडण्याची आपल्याकडील जुनी पद्धत सोडून द्यावी, पंचा गुंडाळून पाणी टिपावे आणि केस अर्धवट सुकल्यावर टोकांकडून वरच्या दिशेने थोडा थोडा गुंता सोडवावा. ओल्या केसांचा घट्ट अंबाडा बांधू नये. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने केस राठ होतात आणि फेस येत नाही हे खरे, पण त्याने मुळापासूनची गळती होत नाही. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेतला तरी राठपणा बराच कमी होतो.

७. नखे

नखांवर पांढरे ठिपके दिसले की कॅल्शियम कमी पडले, असे सांगण्याची पद्धत आहे. बहुधा ते नखाच्या मुळाशी बसलेल्या किरकोळ माराचे असतात आणि नखासोबत वाढून निघून जातात. नखात कॅल्शियम अगदी थोडे असते, त्याचा कडकपणा केराटिनचा असतो. नाचणी आणि तीळ हाडांसाठी जरूर खावेत.

नखे पापुद्र्यासारखी सुटत असतील तर दोष बहुधा पाण्याचा असतो. नख पाणी शोषून फुगते, सुकताना आकसते, आणि भांडी, धुणे, पीठ मळणे, फरशी पुसणे या क्रमात हे दिवसातून वीस वेळा घडते. भांडी घासताना आतून सुती अस्तर असलेले रबरी हातमोजे वापरावेत. रात्री झोपताना नखांना आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या त्वचेला खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. नखे आखूड ठेवावीत आणि कानस एकाच दिशेने फिरवावी. मुळाशी असलेली पातळ त्वचा कापून किंवा मागे ढकलून घेऊ नये. ती नखाचे झाकण आहे आणि ते उघडले की नखुरड्याला वाट मिळते. ॲसिटोनयुक्त द्रावणाने रंग काढणे आठवड्यातून एकदाच्या वर नसावे.

पायाची नखे सरळ कापावीत, कोपरे गोल करून आत कापल्यास नख मांसात रुतते. पावसाळ्यात चिखल्या झाल्या तर वेळीच उपचार करावेत, कारण तीच बुरशी पुढे नखात शिरते. एकदा ती नखात शिरली की लिंबू किंवा व्हिनेगर चोळून जात नाही. डॉक्टर नखाचा तुकडा तपासून औषध देतात आणि ते काही महिने घ्यावे लागते.

८. फसण्याच्या जागा

मोठ्या आजारानंतरची गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. आपण मात्र पहिल्या महिन्यात घाबरतो, दुसऱ्यात एक उपाय करतो, तिसऱ्यात दुसरा, आणि पाचव्यात गळती थांबते तेव्हा जो उपाय हाती असेल त्याला श्रेय मिळते. अमुक रसाने केस परत आले असे शपथेवर सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांनी दिनदर्शिका पाहिलेली नसते.

कांद्याच्या रसाचेच घ्या. त्याचा आधार म्हणून ज्या अभ्यासाकडे बोट दाखवले जाते, तो २००२ साली इराकमध्ये थोड्या रुग्णांवर झाला होता आणि तो चाईसाठी होता, सर्वसाधारण गळतीसाठी नव्हता. माझ्या टाळूवर त्या रसाने पुरळ उठले. लिंबाचा रस टाळूला लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. खाण्याच्या सोड्याने डोके धुतल्यास केस राठ होतात.

बायोटिनची दिवसाची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते आणि बाजारातील गोळ्यांत ती ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पटींनी, भरलेली असते. खरी कमतरता विरळ आहे. रोज कच्च्या अंड्याचा पांढरा बलक पिणाऱ्यांना मात्र ती होऊ शकते, कारण त्यातील एव्हिडिन बायोटिनला बांधून ठेवते. अंडे शिजवून खावे.

केस, त्वचा आणि नखे यांच्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्र गोळ्यांत सेलेनियम आणि जीवनसत्त्व अ असते, आणि या दोन्हींचा अतिरेक केस गाळतो. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत अनेकांचे केस दिवसांच्या हिशेबाने झडून टक्कल पडले, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत सेलेनियम जास्त आढळल्याच्या बातम्या आल्या. पुढे त्याच भागात नखे गळण्याच्या तक्रारीही झाल्या. दोन वेगवेगळ्या मिश्र गोळ्या एकत्र घेण्यापूर्वी हे आठवावे.

काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत पीपीडी हे रसायन असू शकते आणि त्याची ॲलर्जी तीव्र असते. खरी मेंदी केसांना लालसर रंग देते, काळा देत नाही. कोणताही नवा रंग वापरण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूस थोडासा लावून ४८ तास थांबावे. पार्लरमधील केराटिन म्हणवल्या जाणाऱ्या प्रक्रियेत फॉर्मल्डिहाइड सोडणारी द्रव्ये असू शकतात. मला तेथे गळतीवरचा इलाज म्हणून ती विकण्यात आली आणि प्रत्यक्षात गळणाऱ्या केसांत तुटणाऱ्या केसांची भर पडली.

९. किती दिवस वाट पाहावी

केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. आहार आणि गोळ्या सुरू केल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत काहीच फरक दिसत नाही, कारण जे केस आधीच विश्रांतीत गेले आहेत ते गळणारच असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कपाळाच्या कडेला आणि भांगावर आखूड, उभे राहणारे बारीक केस दिसू लागतात. तेलाने ते चापून बसवण्याचा मोह होतो, पण आत नवे केस येत असल्याची ती पहिली खूण असते. वेणीची जाडी पूर्ववत होण्यास एक ते दीड वर्ष लागू शकते, कारण नवे केस वेणीच्या लांबीपर्यंत पोहोचायला हवेत. हाताचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे होण्यास सुमारे सहा महिने, तर पायाच्या अंगठ्याचे बारा ते अठरा महिने लागतात.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासून घ्यावे आणि हिमोग्लोबिन वाढले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत, कारण साठा भरण्यास त्यानंतरही काही महिने लागतात. माझे फेरिटिन पहिल्या फेरतपासणीत २४ होते आणि त्यापुढच्या तपासणीत ४१ झाले. अंगठ्यावरील ती खाच मात्र त्याआधीच, होळीच्या सुमारास, नेलकटरने कापली गेली.